1973 च्या एमजीबी जीटीची पुढची काच घरी बदलता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीत राहता, 1973 ची एमजीबी जीटी ही बंद छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतलीय, पुढच्या काचेला खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडा गेलाय, पावसात पायाशी पाणीही येतं. काच घरी बदलावी की काचवाल्याला बोलवावं?

घरी बदलता येते. माझ्याकडे 1971 ची जीटी आहे आणि तिची काच मी दोनदा बदलली. दुसऱ्यांदा बदलावी लागली ती पहिल्या वेळच्या घाईमुळे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो तडा नीट बघा. त्याच्या वाटेत कुठे दगड लागल्याची बारीक चांदणीसारखी खूण आहे का? असेल तर दोष रस्त्याचा. खूण नसेल आणि तडा थेट काचेभोवतीच्या रबराच्या कोपऱ्याखालून निघाला असेल, तर संशय काचेवर नाही, तिच्याखालच्या पत्र्यावर घ्या. या गाडीचे खालचे दोन्ही कोपरे गंजाचं माहेरघर आहेत. रबराखाली पाणी साचतं, पत्रा गंजून फुगतो आणि तो फुगवटा काचेच्या कडेला एकाच जागी दाबत राहतो. काच मधोमध बरंच सोसते, कडेवर मात्र अजिबात सोसत नाही.

माझं नेमकं हेच झालं. जुनी काच काढली, काच बसते त्या पत्र्याच्या खाचेतला गंज वरवर घासला, रंगाचा एक हात मारला आणि नवी काच बसवून मोकळा झालो. डाव्या कोपऱ्यात जुन्या सीलंटचा, म्हणजे फटी बुजवायच्या लगद्याचा, दगडासारखा झालेला वाटाण्याएवढा गोळा राहिला होता. दिसला होता, खोटं कशाला बोलू. म्हटलं रबर सांभाळून घेईल. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी जागची हललीही नव्हती आणि कोपऱ्यातून वीतभर तडा!

आता पाण्याबद्दल. ते काचेतूनच येतं असं धरून चालू नका. वायपरच्या पुढे, बॉनेटच्या मागे हिटरसाठी हवा आत घेणारी जाळी असते. तिथे पडलेलं पावसाचं पाणी खाली जायला एक नळी आहे आणि ती पानांनी, चिखलाने तुंबते. मग पाणी आत उतरतं आणि सगळे काचेला दोष देतात. एक तांब्या पाणी फक्त त्या जाळीत ओता. खाली जमिनीवर धार लागली तर नळी ठीक. पाय ओले झाले तर आधी नळी साफ करा. मग घरातल्या कुणाला आत बसवून फक्त काचेच्या कडेवर पाणी सोडा, म्हणजे खरा चोर कळेल.

तडा रेझिनने (काचेत भरायच्या पारदर्शक चिकट द्रवाने) भरून निघेल का, असंही तुम्ही विचारलंय. नाही. रेझिन दगडाच्या छोट्या टवक्यासाठी. वीतभर तड्यावर त्याचा उपयोग नाही. मात्र तडा जाऊनही काच जागेवर आहे, म्हणजे ती लॅमिनेटेड आहे, दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर असलेली. टफन्ड, म्हणजे उष्णतेने कडक केलेली एकेरी काच असती तर एका क्षणात तिचे खडीसाखरेसारखे तुकडे झाले असते. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना टफन्डच काच होती, तेव्हा नवी मागवताना लॅमिनेटेड असं स्पष्ट सांगा.

आणि 'एमजीबीची काच' असं मोघम मागू नका, 'एमजीबी जीटीची' म्हणा. 1965 मध्ये जीटी आली तेव्हा पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीने छताला तो सुरेख उतार देताना पुढची काच रोडस्टरपेक्षा, म्हणजे उघड्या छताच्या एमजीबीपेक्षा, उंच केली. शिवाय रोडस्टरची काच अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत बसते आणि ती चौकट सोडवायला डॅशबोर्डखाली उलटं पडून बोल्ट शोधावे लागतात. त्यामानाने जीटीवाले आपण सुखी. आपल्याकडे काच, रबर, रबरातली चकचकीत पट्टी, बस्स.

रबर मात्र चांगलं घ्या. काचेपेक्षा मी रबरावर जास्त खर्च करीन. स्वस्तातलं रबर कडक असतं, कोपऱ्यावर वळत नाही आणि दोन हिवाळ्यांत आक्रसतं. नवं रबर हातात येऊन जुन्याशी ताडून बघेपर्यंत जुनं फेकू नका.

काढणं सोपं आहे. वायपरचे दांडे काढा, डॅशबोर्डवर जुनी गोधडी पसरा आणि काचेवर हवा सोडणाऱ्या फटी चिकटपट्टीने बंद करा. नाहीतर काचेचा चुरा त्यात जातो आणि पुढची दोन वर्षं ब्लोअर लावला की डोळ्यांत येतो. पट्टी हलक्या हाताने काढा, वाकली की सरळ होत नाही. मग धारदार सुरीने रबराची बाहेरची कड सगळीकडून कापा आणि दोघांनी मिळून काच बाहेर उचला. हातमोजे आणि चष्मा हवाच.

खरं काम आता सुरू होतं आणि इथेच दोन शनिवार-रविवार गेले तरी जाऊ द्या. काचेची सगळी खाच उघड्या पत्र्यापर्यंत घासा. भोकं पडली असतील तर वेल्डिंग करून घ्या. पुट्टीने बुजवलेलं भोक वर्षभरात पुन्हा डोकावतं. मग गंजरोधक प्रायमर, रंग, आणि तो पूर्ण वाळू द्या. शेवटी डोळे मिटून खाचेवरून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसलेला खडा बोटाला लागतो.

बसवताना माझी पद्धत अशी. रबर थोडा वेळ गरम पाण्यात ठेवायचं, मऊ होतं. ते काचेभोवती चढवायचं आणि चकचकीत पट्टी तेव्हाच, टेबलावरच, रबरात बसवायची. गाडीवर काच चढल्यावर पट्टी घालायला जाणं म्हणजे शुद्ध छळ, पहिल्या वेळी माझी नखं सोलली होती. मग रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते, तिच्यात पडद्याची गुळगुळीत दोरी घालायची, साधारण पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची. फार बारीक दोरी रबर चिरते. दोरीची दोन्ही टोकं खाली मध्यभागी हातभर एकमेकांवरून न्यायची आणि बाहेर लोंबती ठेवायची.

आता साबणाचं पाणी सढळ हाताने लावा. काच बाहेरून खाचेवर बरोब्बर मधोमध टेकवा. बाहेर एक माणूस, आत एक. आतल्याने दोरी काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढायची, म्हणजे रबराची कड पत्र्यावरून आत उलटत येते. बाहेरच्याने त्याच जागी तळहाताने थोपटायचं, मुठीने नाही. आधी खालची बाजू, मग कोपरे, मग दोन्ही बाजू, शेवटी वर. आमच्याकडे आत बायको होती. लहानपणी परकरात नाडी ओवलेली असल्यामुळे तिला हे तत्त्व लगेच कळलं, मला यूट्यूबवर चार वेळा बघावं लागलं. दोरी अडली तर जोर लावू नका. काच उतरवा, पुन्हा साबण लावा, पुन्हा सुरू करा. आम्ही तिसऱ्या खेपेला यशस्वी झालो.

सीलंटबद्दल एकच सांगतो, कारण इथे लोक हमखास चुकतात. हल्लीच्या गाड्यांची काच पॉलियुरेथेनने चिकटवतात, ते इथे नको. पुढच्या वेळी काच निघणारच नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन तर मुळीच नको, त्यातून सुटणारं आम्ल पत्रा खातं. कायम मऊ राहणारं, न वाळणारं काचेचं मॅस्टिक मिळतं, तेच रबर आणि काच यांच्यामध्ये आणि रबर आणि पत्रा यांच्यामध्ये बाहेरून भरा. वर आलेलं व्हाइट स्पिरिटने (रंग पातळ करायच्या द्रावणाने) पुसून टाका.

काचवाल्याला बोलवायचं तर जुन्या गाड्यांची, रबरात बसणारी काच त्याने स्वतः बसवलीय का, हे फोनवरच विचारा. माझ्याकडे आलेला पोरगा भला होता, पण दोरी बघून म्हणाला, ही कशाला? त्याला चहा पाजून परत पाठवलं. आणि तो कितीही चांगला असला तरी गंज काढणं त्याच्या कामात येत नाही, ते तुम्हालाच आधी करून ठेवावं लागेल. विमा असेल तर काचेसोबत रबर आणि पट्टीचे पैसे मिळतात का ते वाचून बघा.

40 वर्षांवरची आणि मूळ स्वरूपातली गाडी असल्याने तुम्हाला दरवर्षीची एमओटी, म्हणजे ब्रिटनमधली गाडीची सुरक्षा तपासणी, सक्तीची नाही. तरी अंदाजासाठी तिचा नियम उपयोगी आहे: ड्रायव्हरच्या समोरच्या 290 मिलिमीटर रुंद पट्ट्यात, वायपर फिरतो तेवढ्या भागात, 10 मिलिमीटरच्या वर्तुळात न मावणारी इजा चालत नाही. तुमचा तडा त्या पट्ट्यात शिरला असेल तर काच बदलेपर्यंत गाडी घरीच ठेवा.

जुनी काच टाकण्याआधी तिच्या कोपऱ्यातला शिक्का बघा. ट्रिप्लेक्स या ब्रिटिश काच कंपनीची असेल तर अक्षरांच्या वर-खाली बारीक ठिपके असतात, त्यांवरून काचेचं साल काढता येतं. ते 1973 च्या आसपासचं निघालं तर ती गाडीची मूळ काच असू शकते. त्या शिक्क्याचा आणि रबर काढल्यावर दिसणाऱ्या डाव्या कोपऱ्याचा फोटो इथे टाका. वेल्डिंग लागेल की नुसतं घासून भागेल, ते बघून सांगतो.