मात्सुमोतोत पहिला ओन्सेन मुक्काम

जपानमधला पहिलाच ओन्सेन (गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण) मुक्काम मात्सुमोतो शहरात करावा का? बिनधास्त जा, सुरुवातीला मात्सुमोतो झकास. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनहून आझुसा रेल्वेगाडीने अडीचेक तास, पुढे आसामा ओन्सेनला बस. एवढं सांभाळा:

- संध्याकाळी पाचच्या आत पोचा. मुक्कामाच्या सराईत जेवणाची वेळ ठरलेली असते, आणि अर्धी मजा त्या जेवणातच आहे.
- शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. ‘मांस नको’ एवढ्याने भागत नाही. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो.
- आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मगच कुंडात. तेही कपड्यांशिवाय! छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवा. फारच लाज वाटली तर खासगी कुंडाची खोली घ्या.
- युकाताची (तिथल्या सुती झग्याची) डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृताला असते.

मात्सुमोतोचा किल्ला सकाळीच उरका. आतले जिने शिडीसारखे उभे, बूट काढून चढायचे. गरम पाण्याने ढिल्या पडलेल्या पायांनी नकोच.