तुझा प्लॅन वाचला

प्रिय पोरी,
सप्रेम सलाम.

तुझा व्हिजन प्लॅन मोबाईलवर दोनदा वाचला, मग प्रिंट काढून परत एकदा. मेहनत घेतलीयस ते दिसतं. पाच वर्षांत पाचशे माणसं, सात वाड्यांवर सात प्रार्थनागट, दर महिन्याला सुवार्ता सभा. आकडे सगळे आहेत पण एकाही माणसाचं नाव नाही गं त्यात, आणि मी तिथेच अडकलो.

का ते सांगतो. २०१२ ला गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद झाल्या तेव्हा डिचोलीत आपली मंडळी, म्हणजे आपलं चर्च, नुकतीच उभी राहत होती आणि मी पण असाच प्लॅन केलेला, पत्रकं छापलेली, आम्ही चौघं वाड्यावर घरोघर फिरत होतो. एका घरासमोर खनिज वाहायचा टिपर उभा, चाकांभोवती गवत वाढलेलं, मालक पायरीवर बसलेला. मी पत्रक पुढे केलं आणि प्रभूच्या शांतीबद्दल बोलायला लागलो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "पास्टर, बँकेच्या हप्त्याचं काय करू ते सांगा." मला काही बोलता आलं नाही. त्या रात्री झोप लागली नाही मला. दुसऱ्या दिवशी पत्रकं कपाटात ठेवली आणि आपल्यातला एक भाऊ हिशेबाचं काम करायचा त्याला घेऊन परत गेलो, कर्जाचे कागद बघितले, बँकेत सोबत गेलो, सरकारी मदतीचे फॉर्म भरून दिले, मग शेजारचे आले, मग त्यांचे मेव्हणे, दोन वर्षं हेच चाललं. येशूचं नाव मी आपणहून काढलं नाही, पण त्यांनी विचारलं तेव्हा लपवलं पण नाही. त्यातले बहुतेक जण आजही उपासनेला येत नाहीत. ती दोन वर्षं वाया गेली असं मला एकदाही वाटलेलं नाही.

आणि गोव्यात हे जरा जास्तच सांभाळून करायला हवं. "बाटवायला आले" असं कुणी म्हटलं की तुला राग येतो, मला माहितीय. पण ते कुठून येतं ते बघ. १५६० मध्ये इथे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, सुरू झालं, मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली जात होती म्हणून लोकांनी कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा उचलून नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला, प्रियोळला आणि कवळ्याला नेली, कारण तिथे तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. प्रियोळला किंवा कवळ्याला कुलदेवतेच्या पाया पडायला जाणाऱ्या आजीला हे पुस्तकातून कळलेलं नाही, तिच्या घरात ते सांगत आलेत. तिला लगेच "ते वेगळे, आम्ही वेगळे" असं म्हणू नको. क्रूस त्यांच्याही हातात होता. आधी ऐकून घे, पूर्ण.

त्याच काळातले फादर स्टीफन्स पण बघ. १५७९ ला गोव्यात आले आणि ख्रिस्तपुराण राशोलला छापून निघालं १६१६ ला, म्हणजे ३७ वर्षं. इंग्लंडचा माणूस, दक्षिण गोव्यातल्या साष्टीत राहून इथली भाषा इतकी शिकला की जवळजवळ ११ हजार ओव्या लिहिल्या. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांना जुन्या पुराणांची उणीव भासत होती आणि ओवी त्यांच्या कानात होतीच, म्हणून ओवी. आणि आपण काय करतो, इंग्लिश गाण्यांचं भाषांतर ड्रमवर वाजवतो आणि वाड्यावरचे लोक का येत नाहीत म्हणून उपासप्रार्थना ठेवतो.

संत जुझे वाझ तर आपल्याच गोव्याचे, बाणावलीत जन्मलेले. ते कॅथलिक, आपल्या पंथाचे नव्हते म्हणून आपण त्यांचं नाव घेत नाही, ते मला पटत नाही. श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी घालणाऱ्या डचांच्या भीतीने भिकाऱ्याच्या वेषात शिरले, आणि १६९७ ला कँडीत देवीची साथ आली, लोक आपल्याच माणसांना सोडून पळत होते तेव्हा हे रोग्यांजवळ थांबले, कोण कुठल्या धर्माचा ते न बघता. कँडीच्या राजाने त्यांना मोकळीक दिली त्यामागे ती सेवा होती.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगणार. औषध, शाळेची फी, नोकरीची ओळख, याच्या बदल्यात कुणाला उपासनेला बसवायचं नाही. कधीच नाही. मदत करायची ती करून मोकळं व्हायचं. आणि म्हापशात मिलाग्रीस सायबिणीला, म्हणजे मारियेला, हिंदू बायका तेल घालतात, तिला शिरगावच्या लईराई देवीची बहीण मानतात, त्यावर आपली तरुण मुलं हसतात ते मी ऐकलंय. आपल्या शिकवणीत ते बसत नाही हे खरं, पण हसायचं नाही. तू लीडर आहेस, तू थांबवलंस तर थांबेल.

सातातला एकच वाडा घे सध्या. कोण आजारी आहे, कुणाचा मुलगा बोटीवर नोकरीला आहे, कुणाची केस चालू आहे ते माहीत करून घे, वर्षभर तेवढंच कर.

रविवारी उपासनेनंतर थांब. त्या टिपरवाल्यांकडे चहाला जाऊ, ते अजून दर गणेश चवथीला मला बोलावतात. तुझा प्लॅन घेऊन ये आणि त्यांनाच वाचून दाखव, ते काय म्हणतात ते मला पण ऐकायचंय.

तुझा,
पास्टर काका