लेखनशंका : एका मिठीने भीती जात नाही

तरुण वाचकांसाठी प्रेमकथा लिहिणाऱ्यांची पत्रं या वेळी बरीच आली आणि त्यातल्या बहुतेकांचा विषय एकच निघाला : लहानपणी घरात सोसलेलं काही मनात घेऊन वावरणारा नायक किंवा नायिका, आणि त्यांना सापडलेलं प्रेम. त्यातले सहा प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीची नायिका १९ वर्षांची. साताऱ्याकडच्या गावातून पुण्यात बीएस्सीला आलेली. लहानपणी वडील पिऊन आले की पट्ट्याने मारायचे. सोळाव्या प्रकरणात नायक तिला पावसात मिठी मारतो आणि तिची भीती कायमची जाते. मैत्रीण म्हणते, हे पटत नाही. मला तर तोच कळस वाटतो. – कराडहून

उत्तर : मिठी राहू द्या, ‘कायमची’ काढा. तिचं शरीर दहा-बारा वर्षं एक गोष्ट शिकलं आहे : आवाज चढला की मार बसतो. हे शिकलेलं एका संध्याकाळी पुसलं जात नाही. आवाज चढला तरी मार बसला नाही, असा अनुभव पुन्हापुन्हा आला की ते हळूहळू सैल होतं. प्रेमाचं काम इथे आहे, आणि ते फार मोठं काम आहे. पण त्यासाठी प्रसंग एक पुरत नाही, निदान पाच-सहा लागतात. तेही छोटे.

उदाहरण घ्या. मेसमध्ये नायकाच्या हातून ताट पडतं. ती जागच्या जागी थिजते, खांदे वर चढतात, नजर दाराकडे जाते. तो ताट उचलतो, मावशींकडून फडकं मागतो, आमटी पुसतो आणि जेवायला बसतो. बस. पन्नास-साठ पानांनंतर ताट तिच्या हातून पडू द्या. ती चार वेळा ‘सॉरी’ म्हणते, जेवण टाकून निघून जाते. शेवटाकडे पुन्हा पडू द्या. या वेळी ती नुसतं ‘अरेच्चा’ म्हणते आणि फडकं आणायला उठते. ती बरी होते आहे, हे वाचकाला कुणी सांगावं लागणार नाही.

रचनेसाठी एक आधार घ्या. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग रोजच्या जगण्याशी पुन्हा नातं जोडणं. हस्तलिखितं गडबडतात ती बहुतेक इथेच. लेखक पहिला टप्पा गाळतो. तिसऱ्या भेटीत, कट्ट्यावर, चहाचा दुसरा कप यायच्या आत नायिका सगळं सांगून मोकळी होते. पायाखाली जमीन नसताना बोललं की माणूस हलका होत नाही, आणखी घाबरतो. तरीही लवकर सांगायला लावायचं असेल तर त्याची किंमत दाखवा : दोन दिवस फोन बंद, प्रॅक्टिकल बुडवलेलं, त्याला पाहून रस्ता बदललेला. तुमची सोळा प्रकरणं आहेत ना? पहिली पाच-सहा सुरक्षिततेला द्या. खोलीची किल्ली तिच्याकडे असणं, शिकवणीचे स्वतः कमावलेले पैसे, रात्री सलग सहा तास लागलेली झोप, जिच्यासमोर रडता येतं अशी रूममेट. यातली निम्मी सुरक्षितता नायकाशिवाय आलेली असू द्या, नाहीतर तो गेला की सगळं कोसळेल आणि वाचक ते ओळखेल.

आणखी एक, आणि हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मधला पेच गैरसमजातून किंवा तिसऱ्या माणसाला आणून उभा करू नका. तो सुखातूनच येतो. अशा घरात शांतता म्हणजे वादळाआधीची वेळ असते. म्हणून सगळं छान चाललेलं असताना ती अस्वस्थ होते, क्षुल्लक कारणावरून भांडण उकरते, ‘आपण थांबूया’ म्हणते. एकदाचं फुटून जावं, वाट पाहणं तरी संपेल, असं तिला वाटत असतं. हे तिला स्वतःला कळायला अख्खं प्रकरण लागू द्या.

प्रश्न : जुन्या आठवणीचा प्रसंग मी तिरक्या अक्षरांत चार पानं लिहिला आहे. वाचणारे म्हणतात, तो भाग आम्ही ओलांडून गेलो. – नांदेडहून

उत्तर : चार पानं म्हणजे निवेदन झालं. आघाताची आठवण अशी सुरुवात-मध्य-शेवट घेऊन येत नाही. भयंकर ताणाखाली मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग, अमिग्डला, जोरात काम करतो आणि घटनेला स्थळकाळाची चौकट देणारा हिप्पोकॅम्पस मागे पडतो. त्यामुळे वास, आवाज, स्पर्श यांचे तुकडे उरतात आणि त्यांच्यावर तारीख नसते. आठवण आली की ती ‘तेव्हाची’ वाटत नाही, ‘आत्ताची’ वाटते.

पानावर हाच क्रम ठेवा. आधी आठवण चाळवणारी वस्तू, मग शरीर, मग चित्राचा एखादा तुकडा. कारण सगळ्यात शेवटी, किंवा त्या प्रसंगात नाहीच. फाटकाची कडी वाजते. तिच्या तोंडाला कोरड पडते, बोटं गार होतात. फरशीवर उलटी पडलेली चप्पल दिसते. मग ती पुन्हा अभ्यासिकेत असते आणि समोरच्या पानावर पेनाचा लांब ओरखडा उठलेला असतो. ८० ते १५० शब्दांत हे बसतं. वाक्यं तोकडी, शक्यतो वर्तमानकाळात. तिरकी अक्षरं नकोत. ती वाचकाला आधीच सावध करतात, आणि तिला मात्र कुणीच सावध केलेलं नसतं.

चाळवणारी वस्तू साधी निवडा. दारूचा वास सगळेच लिहितात. मोटारसायकल स्टँडवर लावल्याचा ‘खट्’, जिन्यावरची जड पावलं, कुकरची शिट्टी मध्येच थांबणं, हे अधिक खरं वाटतं, कारण मूल बापाची वाट कानांनी पाहत असतं. पूर्ण प्रसंग संपूर्ण पुस्तकात एकदाच सांगा, तोही तिच्या तोंडून, ३००-४०० शब्दांच्या आत. माराचं बारीक वर्णन टाळा. तशाच घरातून आलेली एखादी वाचक ते रात्री एकटी वाचत असेल.

परत येण्याची कृतीही दाखवा. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्शाच्या चार, तीन आवाज, दोन वास, एक चव, ही मोजणी समुपदेशक खरोखरच शिकवतात. पण पूर्ण यादी एकदाच लिहा. पुढे ‘निळी बाटली, पंखा, त्याचा मोजा’ एवढंच पुरे.

प्रश्न : समुपदेशनाचा प्रसंग कसा लिहावा? माझा डॉक्टर तिला संमोहित करतो, ती सगळं आठवून रडते आणि बरी होते. नंतर डॉक्टर तिच्या आईला फोन करून सगळं समजावतो. – ठाण्याहून

उत्तर : यात तीन चुका आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात, औषधं तेच लिहितात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी करतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. कॉलेजमधल्या मॅडम बहुधा समुपदेशक असतात आणि गरज पडली तर पुढे पाठवतात. तुमच्या पात्राला यांपैकी कोण भेटलं, हे आधी ठरवा.

एक सत्र साधारण ४५ ते ६० मिनिटांचं, बहुधा आठवड्यातून एकदा. आघातावर बेतलेल्या उपचारांना ८ ते १६ सत्रं लागतात, बालपणभर चाललेल्या माराला त्याहून जास्त. औषध सुरू झालं तर परिणाम जाणवायला २ ते ६ आठवडे. संमोहन काढून टाका. नाट्य हवंच असेल तर ईएमडीआर आहे : फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ पासून विकसित केलेली पद्धत, ज्यात आठवण मनात धरून डोळ्यांनी थेरपिस्टच्या हलत्या बोटांचा माग घ्यायचा असतो. त्यात माणूस पूर्ण जागा असतो, आणि त्याआधी काही सत्रं नुसती तयारीची जातात.

आणि तो आईला केलेला फोन! १९ वर्षांच्या मुलीची गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जपलेली आहे. जिवाला धोका असल्यासारखे मोजके अपवाद सोडले तर तिच्या संमतीशिवाय तो फोन होत नाही. तो प्रसंग छापला गेला तर एखादी मुलगी त्याच भीतीने मदत घेणार नाही. फार तर आईला काय आणि किती सांगायचं हे ती स्वतः ठरवते, असं लिहा. त्यात नाट्यही जास्त आहे.

थेरपीचे प्रसंग तीन-चारच ठेवा. पहिल्यात ती फी आणि वेळ एवढंच विचारते. दुसऱ्यात गप्प बसते, घड्याळ पाहते. फी परवडत नसेल तर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कथेत येऊ द्या. ऑक्टोबर २०२२ पासून तो चोवीस तास, मोफत, मराठीतही चालतो.

प्रश्न : माझी दोन्ही पात्रं बारावीतली, १७ वर्षांची आहेत. काही अडचण? – मडगावहून

उत्तर : आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा. त्यात १८ खालची व्यक्ती बालक, तिची संमती कायद्यात धरली जात नाही. त्यामुळे लैंगिक जवळीक लिहू नका. दुसरं, १७ वर्षांच्या पात्राने बाईंना लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं तर पोलिसांना कळवणं बाईंना बंधनकारक आहे. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी देऊ नका. पात्रांना पदवीच्या द्वितीय वर्षात आणलंत तर निम्मे प्रश्न सुटतात.

प्रश्न : स्पर्शाआधी विचारणं आजच्या कथेत हवं, हे पटतं. पण मराठीत ते भाषांतरित वाटतं. ‘मी तुला स्पर्श करू शकतो का?’ असं कोण बोलतं? – कोल्हापूरहून

उत्तर : कुणीच नाही. पण मराठी माणूस विचारतो, निराळं विचारतो. ‘हात दे.’ मग थांबतो. ती देते किंवा देत नाही. ‘इथे बसू का तिकडे?’ ‘जाऊ का मी?’ ‘नको असलं तर नको, हां.’ परवानगी मधल्या थांबण्यात असते, म्हणून संवादानंतर एक रिकामा क्षण लिहा. तिचं उत्तर हालचालीत येऊ द्या : ती बॅग उचलून मांडीवर घेते आणि बाकावर जागा करते.

नायकाला चुकूही द्या. मागून येऊन डोळे झाकणं हा आपल्याकडचा नेहमीचा लाडिकपणा, पण या मुलीसाठी तो हल्ला आहे. ती किंचाळते, पोरं वळून बघतात, तो ओशाळतो. इथे त्याची माफी नेमकी हवी. ‘सॉरी ना गं, गंमत केली’ याने काही होत नाही. ‘मागून नाही येणार. आधी हाक मारीन’, हे उपयोगाचं. आणि पुढे तीन प्रसंगांत तो लांबूनच हाक मारताना दिसला पाहिजे, त्याबद्दल एक शब्दही न बोलता.

प्रश्न : शेवटी नायिकेने वडिलांना माफ करावं, असा घरच्या वाचकांचा आग्रह आहे. ‘शेवटी बाप आहे’ म्हणतात. मला नक्की ठरवता येत नाही. – अकोल्याहून

उत्तर : माफ केल्याशिवाय माणूस सावरत नाही, हे खरं नाही. माफ करून सावरणारे आहेत, न करता सावरणारेही आहेत. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आणून तिला पायाशी बसवलंत तर तीनशे पानं तिने मिळवलेलं तुम्ही दोन पानांत तिच्या हातून काढून घ्याल. वडिलांनी काही बदललं आहे का, की ते फक्त म्हातारे झाले आहेत? आधी याचं उत्तर शोधा. दारू सुटली असेल, त्यांनी स्वतःहून नाव घेऊन चूक कबूल केली असेल, तर एक संभाषण होऊ शकतं, अवघडलेलं आणि अपुरं.

तसं नसेल तर किती अंतरावरून भेटायचं हे तिने ठरवणं, हाच शेवट होऊ शकतो. गौरी-गणपतीला ती गावी येते, पण उतरते मावशीकडे. आरतीला घरी जाते, आईच्या हातचं जेवते, वडिलांना ‘येते’ एवढंच म्हणते. नायक सोबत नसला तरी चालेल. साडेपाचच्या एसटीचं आरक्षण तिने आधीच करून ठेवलेलं असू द्या.