बचावपटू गोल करतो तेव्हा

प्रश्न असा आला आहे : कॅनडाच्या बॉबी ऑरवर लेख लिहिताना आइस हॉकीतल्या ‘डिफेन्समन’ला ‘बचावपटू’ म्हणावं का? शंका आली ती विचारणाऱ्याच्या स्वतःच्याच वाक्यामुळे. ‘१९६९-७०च्या हंगामात या बचावपटूने नॅशनल हॉकी लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवले.’ बचाव करणाऱ्याला गुण कसले, असं वाचणारा विचारणारच.

‘बचावपटू’ खुशाल ठेवा. फुटबॉलच्या आणि आपल्या मैदानी हॉकीच्या बातम्यांनी तो रुळवला आहे, शिवाय त्यात ‘डिफेन्समन’मधला पुरुषवाचक ‘मन’ नसल्यामुळे महिला संघालाही तोच चालतो. घोटाळा पहिल्या पदात आहे. मराठीत बचाव म्हटला की संकट आधीच दारात येऊन ठेपलेलं असतं : आरोपीचा बचाव, पुरातलं बचावकार्य, ‘थोडक्यात बचावला’. मग हा गडी गोलरक्षकापुढे ठाण मांडून येईल ते परतवत असणार, असं चित्र आपोआप उभं राहतं. ‘संरक्षक’ घ्यावा तर तो खो-खोचा. तिथला संरक्षक पळून स्वतःलाच वाचवतो!

खरं म्हणजे ‘बचावपटू’ हे जागेचं नाव आहे, कामाचं नव्हे. कबड्डीत ‘डावा कोपरा’ म्हणतो तसं. बर्फावर एका संघाचे सहा जण असतात : तीन आघाडीपटू, दोन बचावपटू, एक गोलरक्षक. आपला संघ चढाईवर असला की हे दोघे प्रतिस्पर्ध्याच्या बाजूच्या निळ्या रेषेलगत, म्हणजे त्याचा भाग जिथे सुरू होतो तिथे, उभे राहतात आणि बाहेर निसटू पाहणारी रबरी चकती आतच अडवतात. (मी ‘चकती’च लिहितो. ‘पक’ लिहिलं की ‘पकने’ की ‘पकाने’ इथे गाडी अडते.)

१० मे १९७० चा ऑरचा गोल बघा. बॉस्टनमध्ये सेंट लुइसविरुद्ध जादा वेळेची ४० सेकंदं झालेली. ऑरने चकती आत अडवली, सहकारी डेरेक सँडरसनकडे दिली, स्वतः गोलकडे धावला, परत आलेली चकती जाळ्यात मारली आणि त्याच क्षणी पायात काठी अडकून हवेत आडवा झाला. तो हवेत तरंगत असतानाचं छायाचित्र अजून सगळीकडे दिसतं. त्या गोलने ऑरच्या संघाला, बॉस्टन ब्रुइन्सना, १९४१ नंतर पहिल्यांदा स्टॅनले कप, म्हणजे लीगच्या विजेतेपदाचा करंडक, मिळाला. ह्यात ‘बचाव’ शोधायचाच तर तो अगदी सुरुवातीच्या अडवण्यात आहे, आणि तोही प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात.

म्हणून तुमच्या वाक्यात बदलायला हवा तो ‘गुण’. मराठी वाचकाला गुण म्हणजे तक्त्यातले संघाचे गुण. इथे मात्र खेळाडूचे गोल आणि त्याने इतरांना करून दिलेले गोल यांची ती बेरीज आहे. सरळ फोड करा : ‘ऑरने ३३ गोल केले, ८७ गोलांना साहाय्य केलं, १२० ची ही बेरीज लीगमध्ये सर्वाधिक होती आणि तो बचावपटू होता.’ बेरजेत अख्ख्या लीगला मागे टाकणारा बचावपटू त्याच्याखेरीज दुसरा झालेला नाही. १९७४-७५ मध्ये त्याने ते पुन्हा केलं.

‘बचावफळी’ मात्र टाळा. फळीला चार-पाच जण तरी लागतात. इथे दोघेच, तेव्हा ‘जोडी’.

राहता राहिली ‘कारकीर्द’. शब्द फारसी, मूळचा राज्यकारभाराचा. पेशव्यांची कारकीर्द म्हणतो तो. खेळाडूला आता पक्का बसला आहे. पण ‘ऑरने १९७८ मध्ये कारकिर्दीला पूर्णविराम दिला’ असं लिहू नका. वय अवघं ३०, सलग ८ वर्षं सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक घेतलेला माणूस. पूर्णविराम त्याने कुठे दिला? गुडघ्यांनी साथ सोडली.