मुखपृष्ठ झिगीचे, आवाज आधीचा

आपण विचारले आहे की, ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या 'द वर्ल्ड ऑफ डेव्हिड बोवी' या जुन्या एलपीच्या मुखपृष्ठावर झिगी स्टारडस्टच्या (त्याने रंगमंचावर वठवलेल्या काल्पनिक रॉक ताऱ्याच्या) काळातला लालकेशी बोवी दिसतो, पण सुई टेकवताच भलताच कोणी गातो आहे असे वाटते; मग ही तबकडी बनावट आहे का आणि ती संग्रहात ठेवावी का?

तबकडी अस्सल आहे, आणि गाणाराही बोवीच आहे. गोंधळ मुखपृष्ठाने केला आहे.

बोवीचा पहिला अल्बम डेक्का कंपनीच्या डेरॅम या शाखेने १ जून १९६७ रोजी काढला. त्यात रॉक कमी आणि लंडनच्या जुन्या रंगमंचीय गायकीची छाप अधिक आहे; 'रबर बँड'मध्ये तर गिटारच्या जागी ट्यूबा या फुंकून वाजवायच्या मोठ्या पितळी वाद्याचा जाड, घुमणारा सूर पुढे येतो. अल्बम खपला नाही आणि १९६८ मध्ये कंपनीशी असलेला संबंध संपला. पुढच्याच वर्षी फिलिप्स या दुसऱ्या कंपनीने काढलेले त्याचे 'स्पेस ऑडिटी' हे गाणे ब्रिटनच्या विक्रीयादीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तेव्हा डेक्काने आपल्या कपाटातली ध्वनिमुद्रणे बाहेर काढून मार्च १९७० मध्ये स्वस्त किमतीच्या मालिकेत हे संकलन आणले. त्या आवृत्तीवर कुरळ्या केसांचा बोवी आहे. १९७२ मध्ये झिगीने त्याला तारा केले आणि १९७३ मध्ये त्याच गाण्यांवर नवे छायाचित्र चढवून कंपनीने फेरआवृत्ती काढली. आपल्याकडे आहे ती हीच. त्याच वर्षी डेरॅमने १९६७ मध्ये न खपलेले 'द लाफिंग नोम' हे गाणे पुन्हा विक्रीला आणले, आणि या वेळी ते सहाव्या क्रमांकावर गेले.

गायक सोडून गेल्यावर कंपनीला असे करता येते, कारण गाणे आणि त्याचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. गीत-संगीताचा हक्क रचनाकाराकडून प्रकाशकाकडे जातो; मूळ फीत मात्र करारानुसार बहुधा ध्वनिमुद्रणाचा खर्च करणाऱ्या कंपनीची होते, आणि करार संपला तरी तिचीच राहते. या विभागणीचा परिणाम आजही दिसतो: २०१५ मध्ये पार्लोफोन या कंपनीने काढलेल्या बोवीच्या मोठ्या संचाची सुरुवात १९६९ पासून होते, कारण डेरॅमच्या फिती दुसऱ्या कंपनीकडे आहेत.

आता संग्रहाविषयी. या संकलनातल्या १४ गाण्यांपैकी १० पहिल्या अल्बमचीच आहेत आणि 'द लंडन बॉइज' हे १९६६ च्या एका सिंगलच्या (दोन बाजूंना एकेक गाणे असलेल्या छोट्या तबकडीच्या) मागच्या बाजूचे आहे. खरे मोल उरलेल्या तीन गाण्यांचे आहे: 'लेट मी स्लीप बिसाइड यू', 'कर्मा मॅन' आणि 'इन द हीट ऑफ द मॉर्निंग'. बोवी आणि निर्माता टोनी व्हिस्कोंटी यांच्या दीर्घ सहवासाची सुरुवात या ध्वनिमुद्रणांपासून झाली, आणि तो सहवास २०१६ च्या 'ब्लॅकस्टार' या बोवीच्या अखेरच्या अल्बमपर्यंत टिकला. कंपनीने तेव्हा ही गाणी सिंगल म्हणून काढण्यास नकार दिला होता. ज्या फिती तिने स्वतः बाजूला सारल्या, त्या पहिल्यांदा ऐकायला मिळाल्या त्या याच स्वस्त तबकडीवर. म्हणून केवळ मुखपृष्ठ फसवे आहे म्हणून तिला कमी लेखणे मला अन्यायाचे वाटते.

आपण दुसरी बाजू लावा आणि 'लेट मी स्लीप बिसाइड यू' शांतपणे ऐका. विनोदी ढंग गळून पडलेला असतो, गिटार पुढे आलेली असते, आणि पुढच्या दशकातला बोवी तिथे ओळखू येतो. त्यालाही ही गाणी टाकाऊ वाटली नव्हती: २००० साली 'टॉय' या अल्बमसाठी त्याने हे गाणे, 'कर्मा मॅन', 'द लंडन बॉइज' आणि 'सिली बॉय ब्लू' नव्याने गायली. तो अल्बम रीतसर बाहेर आला तो त्याच्या निधनानंतर, २०२१ मध्ये. मिळाल्यास दोन्ही गायने एकापाठोपाठ ऐकावीत.