कबुली लिहून देण्याआधी फुटेज मागा

बहिणीने मैत्रिणीच्या लॉगिनवरून कॉलेजचं पोर्टल उघडलं, नंतर इंटर्नलचे मार्क बदलल्याचं निघालं, आणि आता ऑफिस 'कबुली लिहून द्या, मिटवून टाकू' म्हणतंय, हे तुमचं वाचून राहवलं नाही. इथेच कोल्हापुरात माझ्या भाच्यावर हीच वेळ आली होती. मी वकील नाही, त्यामुळे सही करण्याआधी कागद वकिलाला दाखवाच.

मैत्रिणीनेच पासवर्ड दिला, यावर फार विसंबू नका. आयटी कायद्याच्या कलम ४३ ला परवानगी हवी असते ती संगणकाच्या मालकाची किंवा तो सांभाळणाऱ्याची, म्हणजे इथे कॉलेजची. पण तिथे प्रश्न भरपाईचा. तेच लबाडीने केलं तर कलम ६६ लागतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे सगळं हेतूवर येऊन थांबतं, आणि ऑफिसच्या मजकुरात नेमकं 'जाणूनबुजून फेरफार केला' असंच असतं. भाच्यापुढे तोच मजकूर ठेवला होता. कलम ६६ चा गुन्हा जामीनपात्र आहे, तेव्हा आईवडिलांना धीर द्या.

आम्हाला सगळ्यात महागात पडलं ते ऑफिस. पोर्टलच्या लॉगमध्ये, म्हणजे लॉगिनच्या नोंदीत, आयडी दिसतो, मशीन दिसतं. खुर्चीत कोण बसलं होतं ते दिसत नाही. ते सांगणार लॅबचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही. फुटेज जपून ठेवा म्हणून आम्ही अर्ज नेला, तर 'साहेब नाहीत, उद्या या'. आवक शिक्का द्यायलाच तयार नाहीत. अखेर अर्ज घेतला तोवर जुन्या फुटेजवर नवं चढलं होतं. पोराचा निकाल राखून ठेवला, हातातली नोकरी गेली. पोरांचं आयुष्य टांगणीला लावून ही माणसं चहाला जातात, याचा संताप अजून जात नाही.

म्हणून अर्ज आजच स्पीड पोस्टाने पाठवा, सोबत ईमेलही करा. कॉलेज अनुदानित असेल तर १० रुपयांत माहिती अधिकारही टाका, पण त्याला ३० दिवसांची मुदत असते, फुटेज तेवढं थांबत नाही.

पोलिसांची नोटीस आली तर हजर राहा. टाळलं तर अटकेला निमित्त मिळतं. बहिणीचा फोन फॉरमॅट करू नका, कुणी कितीही सांगो. वकिलाची फी झेपत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

त्या दिवशी लॅबच्या रजिस्टरात बहिणीची सही आहे का, आणि किती वाजताची? ते कळवा, मग पुढचं बोलू.