‘ओ’ म्हणून नोंदलेलं रक्त ‘बॉम्बे’ कसं निघालं?

प्रश्न : भावाच्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे. शस्त्रक्रियेआधी एकही ‘ओ’ पिशवी जुळेना. आता गट ‘बॉम्बे’ सांगतात. हा गट मुंबईकरांचाच असतो का?

उत्तर : नाही. 1952मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी तो मुंबईत प्रथम नोंदवला, म्हणून हे नाव. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक असं त्याचं प्रमाण सांगतात. जवळच्या नात्यात लग्नं होणाऱ्या समाजांत तो जास्त सापडतो, कारण त्यामागचा जनुकातला दोष आई आणि वडील दोघांकडून यावा लागतो.

‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजनं (लाल पेशींवरच्या, गट ठरवणाऱ्या खुणा) ‘एच’ नावाच्या पायावर चढतात. ‘ओ’ गटात निदान तो पाया असतो; बॉम्बे गटात तोही नसतो, म्हणून हे रक्त ‘एच’ असलेल्या पेशींवर हल्ला करतं. पेशींची तपासणी केली की दोन्ही सारखेच दिसतात, फसगत होते ती इथेच. म्हणून उलट तपासणीत रुग्णाच्या सीरममध्ये (पेशी काढून उरलेल्या रक्तातल्या द्रवात) ‘ओ’ पेशी मिसळतात. गुठळ्या झाल्या तर संशय घ्यायचा आणि रुग्णाच्या पेशींना अँटी-एच (‘एच’ ओळखणारं द्रव्य) लावून खात्री करायची. नुसत्या स्लाइडवर गट सांगणाऱ्या शिबिराच्या कार्डावर म्हणूनच विसंबू नये.

भावाला ‘ओ’ रक्त चढवलं तर त्या पेशी फुटतील, जीवावर बेतेल. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागेल. आधी सख्ख्या भावंडांची तपासणी करा (तुमचीही!), प्रत्येकाची शक्यता चारात एक असते. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत असेल, तर त्याचंच रक्त आधी काढून ठेवता येईल का, हे रक्तपेढीला विचारा.